पिकलबॉल घरच्यांसोबत खेळायचाय? सुरुवात किचनमधून करा

प्रश्न : आम्ही नाशिकला सोसायटीत राहतो. घरात मी, नवरा (४३), मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची आणि सासरे (६७, बीपीची गोळी चालू आहे, पण रोज सकाळी चालायला जातात). मुलांच्या हातातला मोबाइल थोडा तरी सुटावा म्हणून पिकलबॉलचा सेट ऑनलाइन मागवला. त्यात चार लाकडी पॅडल (म्हणजे बॅटच) आणि भोकांचे चार प्लॅस्टिकचे चेंडू आले. पहिल्या रविवारी पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर खेळलो, तर चेंडू कुठेही उडायचा. मग सोसायटीच्या सिमेंटच्या बॅडमिंटन कोर्टवर गेलो, नेट होतं तसंच ठेवलं. मुलगा नुसता हाणत सुटतो. मुलीला चेंडू लागतच नाही, ती रडून घरी जाते. मागे धावताना सासऱ्यांचा तोल गेला, नशिबाने लागलं नाही. त्यात पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी आवाजाची तक्रार केली. पंधरा-वीस मिनिटांच्या वर खेळ टिकत नाही. सेट परत करावा का? की आमचंच काही चुकतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सेट परत करू नका. घरातल्या कुणाचं काही चुकलेलं नाही, तुम्ही फक्त खेळ उलट्या टोकाने सुरू केलात. पूर्ण कोर्ट, मागच्या रेषेवरून सर्व्ह आणि त्यात नेट बॅडमिंटनचं. एवढं जमल्यावर सात वर्षांची मुलगी आणि आजोबा पहिल्या पाच मिनिटांत बाजूला पडतात आणि अकरा वर्षांच्या मुलाला हाणायला मोकळं रान मिळतं. तो हाणणारच.

आधी नेटचं बघू, कारण निम्मं रडू तिथलं आहे. बॅडमिंटनचं नेट मध्यावर पाच फूट उंच असतं. सात वर्षांचं मूल उंचीला चार फुटांच्या आसपास. म्हणजे तुमची मुलगी स्वतःच्या डोक्यावरून जाणाऱ्या दोरीपलीकडे चेंडू टाकायचा प्रयत्न करत होती. पिकलबॉलचं नेट कडेला ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच असतं, साधारण स्वयंपाकाच्या ओट्याएवढं. तुमचंच नेट खाली घ्या. खांबाला ३६ इंचांवर नायलॉनची दोरी बांधा आणि नेटची वरची पट्टी तिथे ताणा. बॅडमिंटनचं नेट अडीच फूट रुंद असतं, त्यामुळे खाली सहाएक इंचांची फट राहील. त्यातून चेंडू कधीमधी निसटेल, निसटू द्या. मध्ये नेट फार झोळ खात असेल तर दोरी आणखी ताणा. उलट ताणून मध्य ३६ वरच राहिला, तर मधोमध एक सुतळी बांधून तिचं खालचं टोक विटेला गुंडाळा, म्हणजे तिथे ३४ भरेल. दर वेळी टेप काढत बसू नका. पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा जुन्या केरसुणीची दांडी घ्या, तिच्यावर ३४ आणि ३६ ला मार्करने खुणा करा आणि ती कोर्टापाशीच ठेवा. हे माप घ्यायचं काम मुलाला द्या, तो मोठ्या रुबाबात करेल.

कोर्टाच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. बॅडमिंटनच्या दुहेरीचं कोर्ट आणि पिकलबॉलचं कोर्ट बाहेरून तंतोतंत एकच आहे, २० फूट बाय ४४ फूट. बाहेरच्या रेषा आणि मधली उभी रेषा तशाच चालतात. आतल्या बाजूच्या एकेरीच्या उभ्या रेषा मात्र पिकलबॉलमध्ये नसतातच, मुलांना त्या 'दिसत नाहीत' असं सांगून टाका. बदलायची रेषा एकच. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते, पिकलबॉलची सात फुटांवर. नेटच्या दोन्ही बाजूंना सात फुटांवर २० फूट लांबीची एकेक आडवी पट्टी दोन इंची मास्किंग टेपने लावा. मिळून ४० फूट, म्हणजे १२ मीटरच्या आसपास. २० मीटरच्या एका रोलमध्ये काम होऊन उरतो. टेप लावण्याआधी जागा झाडून कोरडी करा, धुळीवर तो चिकटत नाही. आणि खेळून झालं की संध्याकाळीच काढा, नाशिकच्या उन्हात दोन दिवस राहिला तर त्याचा डिंक सिमेंटला धरून बसतो. कायमची रेषा हवी असेल तर सोसायटीची परवानगी घेऊन रंगानेच मारा.

पेव्हर ब्लॉकवर पुन्हा जाऊ नका. दोन ब्लॉकमधल्या खाचेवर किंवा कडेवर टप्पा पडला की चेंडू वाकडा उडतो, आणि पिकलबॉल हा सगळा टप्प्यावर चालणारा खेळ आहे. गवत त्याहून वाईट, तिथे टप्पाच पडत नाही. सिमेंट, डांबर, कोटा फरशी हे चालतं. तुळतुळीत टाइल्स कोरड्या असल्या तरी नको.

आता नेटपासून सात फुटांचा जो पट्टा तुम्ही आखलात, त्याचं नियमातलं नाव नॉन-व्हॉली झोन. बोलताना सगळे त्याला किचन म्हणतात. (नाव का पडलं यावर फार काथ्याकूट करू नये. आपल्या घरातही किचनमध्ये कुणी आदळआपट केली की त्याला बाहेर काढतात.) नियम असा की किचनमध्ये किंवा त्याच्या रेषेवर पाय असताना चेंडू टप्पा न पडू देता, म्हणजे व्हॉलीवर, मारायचा नाही. व्हॉली मारून झोकात तोल गेला आणि नंतर पाय आत पडला, तरी फॉल्ट. पॅडल आत टेकलं, टोपी आत पडली, तरी फॉल्ट. घरोघरी होणारा गैरसमज म्हणजे 'किचनमध्ये जायचंच नाही'. तसं मुळीच नाही. टप्पा पडलेला चेंडू मारायला खुशाल आत जा, आधीपासून आत उभे राहिलात तरी बंदी नाही. आतून व्हॉली मारायची नाही, एवढंच.

या पट्ट्यामुळेच हा खेळ घरच्यांसाठी बरा पडतो. उंच आणि दणकट माणसाला नेटला चिकटून उभं राहून वरून चेंडू दाबता येत नाही. म्हणून पहिले तीन रविवार तुमचं अख्खं कोर्ट म्हणजे दोन्ही बाजूंची किचनं, आणि तेवढंच. सर्व्ह नाही, मागची रेषा नाही. दोघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या बाजूला, सगळे किचनच्या रेषेच्या किंचित मागे. एकाने हातातून चेंडू सोडायचा, टप्पा पडला की हलकेच पलीकडच्या किचनमध्ये टाकायचा. पलीकडच्याने टप्पा पडू द्यायचा आणि तसाच परत पाठवायचा. या हलक्या फटक्याला डिंक (इंग्रजी dink) म्हणतात, मोठे खेळाडूही दिवसाकाठी शेकड्याने याचा सराव करतात.

डिंक कसा मारायचा हे नीट पाहा, कारण घरातल्या पाचही जणांना हाच फटका लागणार आहे. पॅडल तव्याच्या दांड्यासारखं धरू नका, मुलं हमखास तसंच धरतात. पॅडलची कड जमिनीकडे ठेवून मुठीशी हस्तांदोलन केल्यासारखं धरायचं. पकड ढिली, चिमणीचं पिल्लू हातात असल्यागत. गुडघे वाकवायचे, कंबर नाही. पॅडल मागे न्यायचंच नाही, ते शरीराच्या पुढेच ठेवायचं, चेंडूशी गाठ पुढच्या पावलाच्याही पुढे पडली पाहिजे. मनगट थिजलेलं. हात खांद्यातून झोपाळ्यासारखा थोडासा वर येतो आणि पॅडलचं तोंड किंचित आभाळाकडे उघडं असतं. फटका बरोबर बसला की चेंडू त्याची सर्वांत जास्त उंची आपल्याच बाजूला, नेटच्या अलीकडे गाठतो आणि नेट ओलांडताना खाली यायला लागलेला असतो. नेटच्या पलीकडे जाऊनही वरच चढत असेल, तर समजा मनगट हललं. नेटमध्ये अडकत असेल तर गुडघे वाकले नाहीत.

पहिल्या दिवशी गुणच मोजू नका. चौघांनी मिळून सलग किती वेळा चेंडू चालू ठेवला ते मोजा, आणि आकडा खडूने खांबावर लिहा. सुरुवातीला सहा-सातवर तुटेल. वीसवर गेला की मुलगा आपसूक हलका मारायला लागतो, कारण आकडा तुटला तर दोष त्याच्यावर येतो.

तरी मुलाचा हात शिवशिवणारच. त्याला 'हळू मार' असं सांगून उपयोग नाही. अकरा वर्षांचं कुठलंही पोर ते दोन मिनिटं ऐकतं. नियमच असा करा की हाणणं त्याला महागात पडेल. किचन-अकरा खेळा : चेंडूचा टप्पा पलीकडच्या किचनमध्येच पडला पाहिजे, बाहेर पडला तर गुण समोरच्याला, अकरा गुणांचा डाव. यात हाणणारा हरतो, आणि का हरतो तेही त्याला दाखवा. टप्पा पडलेला चेंडू बहुतेक वेळा नेटच्या उंचीखाली असतो. खालून वर उचललेला चेंडू जोरात मारला तर त्याला खाली यायला वेळच मिळत नाही, तो थेट बाहेर जातो. सपाट मारला तर नेटमध्ये. जोर फक्त नेटच्या वर आलेल्या चेंडूवर चालतो, आणि तसा चेंडू समोरच्याने चुकून दिला तरच मिळतो. आजोबांनी त्याला दोनदा ११-४ ने हरवलं की हा भौतिकशास्त्राचा धडा त्याला पाठ होईल.

मुलीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्या हातात जे लाकडी पॅडल आहे ते बहुधा तीनशे ग्रॅमच्या आसपास असेल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर घालून बघा. सात वर्षांच्या मनगटाला ते झेपत नाही. ती दोन हातांनी उचलते, उशिरा फिरवते, तोवर चेंडू गेलेला असतो. तिला 'लागत नाही' त्यामागे नजर नसून वजन आहे. तूर्त घरात टेबल टेनिसची जुनी बॅट असेल तर तीच द्या, त्यात कमीपणा काही नाही. घ्यायचंच झालं तर २०० ते २१५ ग्रॅमचं, बारीक मुठीचं पॅडल घ्या. मुठीचं माप असं पाहायचं : तिने मूठ धरल्यावर बोटांची टोकं आणि तळव्याचा मांसल भाग यांच्यामध्ये तुमची करंगळी जेमतेम बसावी. बोटं पोहोचतच नसतील तर मूठ जाड आहे, वरची पट्टी काढली तर थोडी बारीक होते. मोठ्यांसाठी पुढे घ्याल तेव्हा २१५ ते २३५ ग्रॅम, आत प्लॅस्टिकचं मधाच्या पोळ्यासारखं जाळं असलेलं, १६ मिलिमीटर जाडीचं बघा. जाड पॅडल चेंडू हळू सोडतं, नवशिक्याला तेच हवं. १३ मिलिमीटरचं जास्त उसळतं, ते मुलाच्या हाती तर मुळीच नको. लाकडी चारपैकी दोन पाहुण्यांसाठी ठेवून द्या.

तिच्यासाठी चेंडूही बदला. सेटमधले चेंडू बहुधा चाळीस बारीक भोकांचे, कडक प्लॅस्टिकचे असतील. ते उघड्यावर वाऱ्यात चालावेत म्हणून तसे असतात आणि सिमेंटवर झपाट्याने येतात. सव्वीस मोठ्या भोकांचा चेंडू मऊ आणि सावकाश असतो. तो मुळात बंद हॉलसाठी, पण सकाळी वारा पडलेला असताना तुमच्या कोर्टावर उत्तम चालेल. मुलीने सुरुवात त्याहूनही मऊ, फोमच्या चेंडूने करावी. फोमचा चेंडू अंगावर बसला तरी भीती वाटत नाही, आणि भीती गेली की मूल डोळे उघडे ठेवून चेंडूकडे बघतं.

आणि तिला दोन टप्पे द्या. गल्ली क्रिकेटमध्ये 'एक टप्पा आउट' चालतं तसंच इथे 'दोन टप्पे माफ', फक्त तिला. ही लाडाची सवलत आहे असं मुलगा म्हणेल. त्याला सांगा, पिकलबॉलच्या अधिकृत नियमांत व्हीलचेअरवरून खेळणाऱ्या खेळाडूंना दोन टप्पे मिळतातच, ज्याला चेंडूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो त्याला वेळ द्यायचा हे खेळाच्या नियमांतच आहे. सुरुवातीला रोज पाच मिनिटं घरातच : पॅडलवर चेंडू टपटप वर उडवणं, मग एक उडवणं एक टप्पा, मग भिंतीशी. वीस मिनिटांनी ती कंटाळली तर थांबवा. कंटाळण्याआधी थांबवलंत तर पुढच्या रविवारी ती स्वतः पॅडल घेऊन दारात उभी राहील.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र गंमत नको. पिकलबॉलमध्ये मोठ्या वयाच्या खेळाडूंना होणारी सर्वांत वाईट इजा पडण्यामुळे होते, आणि पडणं बरेचदा अशा प्रसंगी घडतं : डोक्यावरून उंच चेंडू (लॉब) येतो, माणूस त्याच्याकडे बघत उलट्या पावलांनी मागे जातो, टाच अडकते आणि तो मागच्या मागे डोक्यावर किंवा मनगटावर पडतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालं असणार. तेव्हा घरचा कायदा : आजोबांच्या डोक्यावरून लॉब मारायचा नाही, मारला तर गुण आजोबांना. आणि आजोबांचा कायदा : उलटं धावायचं नाही. चेंडू डोक्यावरून गेला की आधी अंग बाजूला वळवायचं, मग चालत जायचं, मिळाला तर मिळाला. मागे भिंत किंवा खांब जवळ असेल तर आधीच अंतर मोजून घ्या. मोकळेपणाने खेळायला कोर्टाभोवती धरून ३० बाय ६० फूट जागा लागते, म्हणजे मागच्या रेषेमागे आठ फूट. सोसायट्यांत तेवढी क्वचित असते. तीन-चार फूटच असतील तर मागची रेषा आत घ्या आणि भिंतीला जुनी गादी टेकवा.

बूट हा दुसरा मुद्दा. चालायचे किंवा धावायचे बूट पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात, त्यांचा तळ उंच आणि मऊ असतो आणि बाजूला पाय टाकला की घोटा मुरगळतो. टेनिसचे, सपाट तळाचे, बाजूने आधार असलेले बूट घ्या. बॅडमिंटनचे गमसोल बूट चालतील, पण सिमेंटवर लवकर झिजतात. चपला, क्रॉक्स घालून कुणीच उतरायचं नाही.

खेळण्याआधी सात-आठ मिनिटं : जागच्या जागी चालणं, खुर्ची धरून टाचा वर-खाली पंधरा वेळा, खांदे फिरवणं, बाजूला पावलं टाकणं. चाळिशीनंतर थंड अंगाने एकदम पुढे झेप घेतली की पोटरी किंवा टाचेमागची शीर धरते, म्हणून हे तुमच्या यजमानांनाही लागू. बीपीच्या काही गोळ्यांनी वाकून एकदम उभं राहिल्यावर गरगरतं, त्यामुळे सासऱ्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि खाली पडलेला चेंडू उचलायचं काम नातवंडांकडे सोपवा. छातीत दडपण, एका हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काही वाटलं तर डाव पुरा करायला थांबायचं नाही, खाली बसायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

सगळ्यांसाठी एक शब्द पक्का करा : 'बॉल!' शेजारून किंवा आपल्याच हातून सुटलेला चेंडू कोर्टात घरंगळत आला की जो आधी बघेल त्याने ओरडायचं आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, गुण पुन्हा खेळायचा. पायाखाली आलेल्या चेंडूवर घसरून फार माणसं पडतात. नेटजवळ खेळताना डोळ्यांना पॉलिकार्बोनेटच्या भिंगाचा खेळाचा चष्मा असावा, निदान मुलांच्या तरी. नेहमीचा वाचायचा चष्मा संरक्षण देत नाही.

पाच जण आहात, कोर्टावर चार मावतात. दर पाच गुणांनी सगळ्यांनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एक जागा सरकायची, एक बाहेर. बाहेरचा किचनच्या रेषेवर नजर ठेवणारा पंच. आजोबांना आपोआप विश्रांती मिळते आणि मुलीला दादाचा फॉल्ट पकडायची अधिकृत संधी. दोन्ही भावंडांना पहिले काही आठवडे समोरासमोर उभं करू नका.

चौथ्या-पाचव्या रविवारी, सलग तीस डिंक व्हायला लागले की मग मागे सरका. आता सर्व्ह. मुलीसाठी आणि खरं तर सगळ्यांसाठीच टप्प्याचा सर्व्ह सोपा : हातातून चेंडू नुसता सोडायचा, वर फेकायचा नाही, खाली आपटायचा नाही, टप्पा पडून वर आला की तिरक्या समोरच्या चौकोनात मारायचा. दुसरा प्रकार टप्प्याविना हवेतूनच मारण्याचा. त्यात फटका कमरेच्या खालून, हात वर जाताना, पॅडलचं डोकं मनगटाच्या खाली असताना लागावा लागतो, तो नंतर शिका. सर्व्ह किचनच्या पलीकडे पडला पाहिजे. बाकी सगळीकडे रेषेवरचा चेंडू 'आत', पण सर्व्ह किचनच्या रेषेवर पडला तर फॉल्ट, हे लक्षात ठेवा. नेटला घासून बरोबर चौकोनात पडला तर खेळ चालू, पुन्हा सर्व्ह नाही. मुलीने मागच्या रेषेऐवजी कोर्टाच्या मध्यातून सर्व्ह केला तरी चालेल.

सर्व्हनंतर दोन टप्प्यांचा नियम : सर्व्ह घेणाऱ्याने टप्पा पडू द्यायचा, आणि त्याच्या परतीच्या चेंडूचा सर्व्ह करणाऱ्या बाजूनेही टप्पा पडू द्यायचा. मग व्हॉली मोकळी. सर्व्ह करून लगेच नेटवर धावत जाऊन ठोकता येऊ नये म्हणून हे आहे. म्हणून सर्व्ह करणाऱ्या दोघांनी तिसरा फटका होईपर्यंत मागेच थांबायचं. घरोघरी हाच फॉल्ट सर्वांत जास्त होतो.

दुहेरीत गुण सांगताना तीन आकडे येतात : आपले, त्यांचे आणि सर्व्ह करणारा पहिला की दुसरा. गुण फक्त सर्व्ह करणाऱ्या बाजूलाच मिळतो, दोघांचे सर्व्ह गेले की सर्व्ह समोर. डाव 'शून्य-शून्य-दोन'ने सुरू होतो, कारण पहिल्यांदा सर्व्ह करणाऱ्या जोडीला एकच सर्व्हर मिळतो, नाहीतर आधी सुरू करण्याचा फायदा फार होईल. डाव अकराचा, दोनच्या फरकाने. हे सगळं मुलाला शिकवा, त्याला आवडेल. घरच्या डावात मात्र सरळ 'जो रॅली जिंकेल त्याला गुण' ठेवा, नाहीतर धाकटी अर्धा वेळ 'आता कुणाचं?' विचारत बसेल.

मुलाला याची गोडी लागून पुढे स्पर्धांमध्ये जायचं झालं तर वाट दूर नाही. भारतात हा खेळ मुंबईतून पसरला, सुनील वालावलकर यांनी २००८ मध्ये तिथे ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशनची स्थापना केली. आणि त्याला हेही सांगा की मूळ खेळ तुमच्यासारख्याच अडचणीतून निघाला. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी कंटाळलेल्या घरच्यांसाठी जुन्या बॅडमिंटन कोर्टवर भोकांचा प्लॅस्टिक चेंडू आणि हाती लागतील त्या बॅट्या घेऊन डाव मांडला. नेट आधी बॅडमिंटनच्याच उंचीवर, साठ इंचांवर होतं. टप्पा बरा पडतो असं दिसल्यावर ते छत्तीसवर आणलं. पुढे बार्नी मॅकॅलम त्यांना मिळाले आणि नियम बसवले.

राहिल्या पहिल्या मजल्यावरच्या काकू. त्यांची तक्रार रास्त आहे. कडक चेंडू आणि कडक पॅडल यांचा 'टक्' असा आवाज उंच पट्टीचा आणि तुटक असतो, तो रहदारीच्या घोंगावण्यात विरघळत नाही, कानाला टोचत राहतो. दोन बाजूंना भिंती असलेल्या सोसायटीत तर घुमतो. त्यांच्याशी वाद घालू नका, दारावर जाऊन दोन गोष्टी सांगा. एक, रविवारी सकाळी आठच्या आधी आणि दुपारी एक ते पाच खेळणार नाही. दोन, रोजच्या सरावाला फोमचा चेंडू वापरणार, कडक चेंडू फक्त संध्याकाळी तासभर. फोमच्या चेंडूचा आवाज जवळजवळ येतच नाही, एकदा त्यांनाच गॅलरीतून ऐकवा. कमिटीला लेखी अर्ज द्याल तेव्हा 'पिकलबॉल कोर्ट हवं' असं लिहू नका. 'बॅडमिंटन कोर्टवर आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या वेळी, एक महिना प्रायोगिक तत्त्वावर' असं लिहा, वेळा घाला, नेट खेळून झाल्यावर मूळ उंचीवर लावून ठेवू हेही घाला. बॅडमिंटनवाल्यांची खरी भीती तीच असते.

ता. क. : पावसाळ्यात कोर्टावर शेवाळं धरतं, कडेच्या कोपऱ्यांत आधी. बोट घासून हिरवं आलं तर त्या दिवशी खेळ रद्द. चेंडू गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात तापून ते अंडाकृती होतात आणि टप्पा वाकडा पडतो. शंका आली की साडेसहा फुटांवरून सिमेंटवर सोडून बघा : चांगला चेंडू अडीच फुटांच्या थोडा वर उसळतो. उसळी कमी आणि आवाज फुटक्या मडक्यासारखा, तर चीर गेली आहे. ती बहुतेक दोन भोकांच्या मधल्या पट्टीत असते, चेंडू दाबून फिरवलात की उघडते.